काशीचा शेंदूर

भुजंगराव गेल्यावर तिसऱ्या दिवशी मिलमध्ये शांती झाली. भुजंगरावांची नव्हे, हुकाची.

राधेश्याम शेठ देवभोळे गृहस्थ. जालना एमआयडीसीतल्या त्यांच्या मिलमध्ये लोखंडाच्या जाड कांड्या तापवून त्यांच्या सळया काढतात. त्या कांड्यांचा गठ्ठा खाली उभं राहून बटणांनी चालवायच्या क्रेनने उचलून भट्टीपाशी नेऊन ठेवायचा, हे भुजंगरावांचं बावीस वर्षांचं काम. मार्चमधल्या एका सकाळी क्रेनचा हुक तुटला, गठ्ठा खाली आला आणि खाली भुजंगराव होते. शेजारी मदतनीस कचरू होता, त्याचा पाय मोडला. शेठ दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी गुरुजी बोलावले, होम केला आणि हुकाच्या दोन्ही तुकड्यांना शेंदूर फासून, झेंडूचा हार घालून, लाल कापडावर मांडून स्टोअरमध्ये ठेवलं. पोलिसांनी पंचनामा करून हुक जप्त केला होता आणि सुपूर्तनामा लिहून घेऊन सांभाळायला शेठकडेच दिला होता. सांभाळा म्हटल्यावर शेठनी तो देवासारखा सांभाळला. पुरावे नष्ट करायच्या शंभर तऱ्हा असतील, पण पुराव्याची पूजा बांधायची तऱ्हा आमच्या जालन्याचीच.

भुजंगरावांची मुलगी वंदना आष्टीच्या शाळेत इतिहास शिकवते. तिला ही हकीकत दहाव्याच्या दिवशी कळली आणि तिला हसू आलं. घरात बायका रडत होत्या, म्हणून ती उठून मागच्या मोरीत गेली. वडील, तिचे नाना, असते तर या शांतीवर त्यांनी आठवडाभर तोंडसुख घेतलं असतं. गुरुजींच्या पोटापासून सुरुवात केली असती आणि हळूहळू वर देवापर्यंत गेले असते.

शांतीचं तिला काही वाटलं नाही. तिला लागलं ते मिलच्या अहवालातलं एक वाक्य. ‘ऑपरेटरने क्षमतेपेक्षा जास्त माल उचलल्याने हुक तुटला.’ म्हणजे नाना आपल्या हाताने मेले आणि जाता जाता कचरूचा पाय मोडून गेले. वाक्याखाली आधार म्हणून कचरूचा जबाब जोडला होता, दवाखान्यात घेतलेला, वेड्यावाकड्या सहीचा. कचरूच्या घरून दहाव्याला कोणी आलं नाही. दवाखान्यातून सुटल्यावर तो स्वतःही आला नाही. बावीस वर्षं ज्यांनी एका चंचीतली तंबाखू मळली, त्यांतला एक फोटो होऊन भिंतीवर जाऊन बसला होता आणि दुसरा त्या भिंतीकडे बघायला तयार नव्हता.

आणि जास्त माल कोणी उचलला म्हणे, तर नानांनी. बाजारात वांगी घेताना जो माणूस पिशवी हातात धरून म्हणायचा, ‘दीड पाव कमी हाय, परत मोज,’ आणि परत मोजल्यावर दीड पावच कमी भरायचं, तो. वंदनाने हे वकिलांना सांगितलं. वकील साहेबराव चष्मा पुसत म्हणाले, “ताई, मला पटतंय. पण वांग्यावर केस उभी राहत न्हाई.”

केस कामगार न्यायालयात गेली. साहेबरावांनी अर्ज केला आणि न्यायालयाने हुक तपासायला एक इंजिनियर नेमला. त्याचं नाव अकिब. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, खिशात तीन पेनं. कुठे पूल पडला, बॉयलर फुटला, शेड कोसळली की ते का झालं हे शोधून कोर्टाला सांगायचं, एवढाच त्याचा धंदा. मूळचा जुन्या जालन्याचा.

“आमच्या अब्बांचं वेल्डिंगचं दुकान,” पहिल्याच भेटीत त्याने वंदनाला सांगितलं. “जिंदगीभर तुटलेलं जोडलं त्यांनी. मी जोडत नाही, का तुटलं एवढंच सांगतो. अब्बा म्हणतात, ख्वाजामियाँचा पोरगा एवढा शिकला आणि वेल्डिंगचा एक डाग मारता येत नाही.”

जूनमध्ये तपासणी झाली. स्टोअरच्या दाराशी मिलचा वकील उभा होता, आणि आत स्टोअरकीपर सूरज हात जोडून.

“साहेब, बूट बाहेर काढा,” सूरज म्हणाला.

अकिबने बूट काढले. मोजेही काढले. आत जाऊन मांडी घातली. समोर लाल कापडावर हुकाचे दोन तुकडे, त्यावर वाळून कोळ झालेला हार आणि नारळ.

“हार काढू का?”

“काढा. नारळ ऱ्हाऊ द्या.”

“नारळाचा फोटो घेऊन बाजूला ठेवतो. परत याच जागेवर ठेवीन.” त्याने फोटो घेतला, जागा मोजून वहीत लिहिली आणि नारळ उचलला. मग वर न बघता विचारलं, “शेंदूर कशात कालवला होता?”

“चमेलीच्या तेलात.”

“बाटली असेल?”

मिलचा वकील हसला. सूरजने फळीवरून बाटली आणून दिली. अकिबने चार थेंब एका कुपीत घेतले, चिठ्ठी चिकटवली, सूरजची सही घेतली. पुढचा तासभर तो भिंग आणि बॅटरी घेऊन तुटलेल्या भागावर ओणवा झाला होता. वंदना दाराशी उभी होती. जाऊन बघायची तिला छाती होत नव्हती आणि बाहेर जायचीही इच्छा नव्हती. शेवटी त्यानेच हाक मारली.

“ताई, बघायचं असेल तर बघा. नाही बघितलं तरी चालतं.”

ती वाकली. शेंदरी लेपाखालून लोखंड दिसत होतं. एका बाजूचा भाग खरबरीत, साखरेसारखा कणीदार. दुसऱ्या बाजूचा त्याच्या दुप्पट, गुळगुळीत, आणि त्यावर बारीक वळणदार रेघा, एकाच्या मागे एक.

“तळं आटत जातं तेव्हा काठाला अशा रेघा उरतात ना? तसंच हे. फट इथून सुरू झाली, थोडी थोडी आत गेली. हा खरबरीत भाग फक्त त्या दिवशीचा. बाकीचं कधीच तुटलेलं होतं.” त्याने बॅटरी विझवली. “तुमच्या वडिलांच्या हातात एक तृतीयांश हुक दिला होता.”

“आणि हे खाली लाल काय आहे?” तिने विचारलं. शेंदराच्या खाली, गुळगुळीत भागावर, विटेच्या रंगाचा एक मंद थर होता.

“गंज,” मागून वकील म्हणाला. “लोखंडाला दुसरं काय येणार?”

अकिबने त्या थराचा नमुना घेतला, नारळ मोजलेल्या जागेवर परत ठेवला आणि बाहेर येऊन मोजे घातले.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला तेव्हा वंदना सातवीच्या वह्या तपासत होती.

“ताई, एक चांगली गोष्ट आहे आणि तीच अडचण आहे. ते लाल म्हणजे गंज नाही. रेड ऑक्साइड प्रायमर आहे. लोखंडी दरवाजाला आधी लावतात तो. थिनर घालून पातळ केलेला. फट जिथवर गेलेली आहे, त्याच्या बरोबर मधेपर्यंत गेला आहे आणि तिथे रेघ ओढल्यासारखा थांबला आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे ज्या दिवशी कोणी तरी हुकाला प्रायमर लावला, त्या दिवशी तो आधीच तेवढा फाटलेला होता. प्रायमर आत शिरला. आमच्याकडे मुद्दाम रंग सोडून फटी शोधतात, तसलंच काम झालं हे, फुकटात. फक्त तो कधी लावला ते कळलं पाहिजे. मिल म्हणते, आम्ही हुकाला कधीच रंग लावला नाही, दसऱ्याला शेंदूर तेवढा लावतो. आणि अपघातानंतर शांतीपर्यंत हुक स्टोअरमध्ये प्रायमरच्या डब्यांजवळच पडला होता. ते म्हणणार, तिथेच सांडला. सांडलेला रंग असा शिस्तीत अर्ध्यावर थांबत नाही, हे मला माहीत आहे. पण कोर्टाला तारीख लागते.”

वंदनाच्या हातात लाल पेन होतं, ते तिने टोपण लावून ठेवलं.

“ताई? आहात ना?”

“आहे. मला दोन दिवस द्या.”

तारीख तिला माहीत होती. खंडेनवमीची.

मिलमध्ये नवमीला यंत्रांची पूजा होते. भट्टी, मोटारी, अगदी वजनकाटासुद्धा धुऊनपुसून हारतुरे घालून बसतो. क्रेनची पूजा कचरू करायचा, कारण तो माळकरी, आणि हुकाला शेंदूर नाना लावायचे, कारण शिडीवर कचरूला घेरी यायची. सात वर्षांपूर्वी अशाच एका नवमीला नाना घरी आले. वंदना माहेरी आली होती. बोटांवर विटकरी डाग बघून तिने विचारलं, “नाना, हा कसला शेंदूर?”

“काशीचा,” नाना म्हणाले, आणि मग इतके हसले की ठसका लागला. “प्रायमर हाय पोरी. शेंदराचं तेल उन्हाळ्यात टपटप गळतंय माझ्या टकलावर. सहा महिने मी मारुतीवाणी फिरून राह्यलो. अन् लोखंडाला जे मानवतं ते लावावं. देवाला काय, लाल दिसल्याशी मतलब.”

“कचरूकाकांना कळलं नाही?”

“त्याला म्हणलं काशीवरून आणला, तिकडचा गडदच असतो. पाया पडला हुकाच्या. बोटानं घेऊन कपाळाला लावला.” नानांनी डोळे पुसले. “दोन दिसांत कपाळ सुजून भाकरीएवढं होणार त्याचं.”

झालंही तसंच. दर वर्षी कचरूच्या कपाळावर पुरळ यायची, आणि कचरू सगळ्यांना सांगायचा की काशीचा शेंदूर लई जागृत आहे, सोसावा लागतो. नाना शेजारी बसून माना डोलवायचे. आईने आणून दिलेली खऱ्या शेंदराची पुडी ते मिलच्या वाटेवरल्या मारुतीला लावून टाकायचे, म्हणजे देवाचा हिशेब त्यांच्या मते चुकता होता. ‘कचऱ्याला सांगू नको,’ एवढंच त्यांनी वंदनाकडून वदवून घेतलं होतं. ‘माझ्या हातची तंबाखू खाणार न्हाई मंग.’

आता नानांना अहवालातल्या त्या वाक्यातून सोडवायचं, तर त्यांना या दुसऱ्या गोष्टीत उभं करावं लागणार होतं. जास्त माल उचलला नाही, मान्य. पण सात वर्षं देवाला आणि मित्राला प्रायमर फासला. मिलमधल्या कुणाही माणसाला विचारलं असतं तर त्याने पहिला गुन्हा माफ केला असता, दुसरा नाही.

आणि त्याहून खोल एक गोष्ट तिला कुरतडत होती. तिने अकिबला परत फोन लावला, सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, “प्रायमर लावताना त्यांना फट दिसली असेल का?”

पलीकडे पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“हुकावर ओझं नसलं की फट मिटते, ताई. केसाहून बारीक होते. दिसली नसणार, असं मला वाटतं. पण वाटतं ते मी रिपोर्टात लिहीत नाही.”

“आणि प्रायमरने ती झाकली गेली असेल?”

“गेली असेल. पण वर्षातून एकदा तपासणी असते. त्यात रंग खरवडून बघायचं असतं, ते काम ऑपरेटरचं नव्हे. मिलकडे तपासणीचं सर्टिफिकेट आहे. त्यावर क्रेनचा जो नंबर आहे, ती क्रेन शेजारच्या शेडमध्ये आहे. मी जाऊन बघून आलो. छान आहे ती क्रेन.”

शनिवारी ती जालन्याला आली आणि आधी आईला सांगितलं. उषाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलंसुद्धा नाही.

“मला काय माहीत न्हाई व्हय? शेंदूर साबणानं निघतो. ह्यो रॉकेलबिगर निघत नव्हता. दर दसऱ्याला नवा सदरा अन् दर दसऱ्याला रॉकेल.”

“मग तू बोलली नाहीस?”

“काय बोलायचं? लेकरावाणी खूश होऊन यायचे.” त्यांनी एक खडा काढून लांब फेकला. “कचरूभाऊला तूच सांग. कोर्टात वकिलाच्या तोंडून कळू नये त्यांना.”

कचरू चंदनझिऱ्याला दोन खोल्यांच्या घरात राहायचा. पायात सळई घातलेली, म्हणून पाय उशीवर ठेवून बाजेवर पडला होता. “शेठच्याच मिलची असंल सळई,” असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा म्हणे. वंदनाला बघून मात्र त्याने टीव्हीचा आवाज तेवढा कमी केला.

“बस.”

ती बसली. प्रस्तावना तिने एसटीत तयार केली होती, पण ती आठवेना. मग तिने सरळ सांगून टाकलं. हुक आधीच फाटलेला होता, आत प्रायमर सापडला, तो नानांनी लावलेला होता, शेंदूर काशीचा नव्हता, शेंदूरच नव्हता.

कचरूचा हात हळूहळू कपाळाकडे गेला.

“प्रायमर?”

“हो काका.”

“दाराला लावतेत त्यो?”

“तोच.”

“सात वर्षं?”

“सात वर्षं.”

कचरू छताकडे बघत राहिला. “मी खाजवून खाजवून बेजार. अन् ह्यो बाजूला बसून इचारायचा, कचरू, प्रसाद लागला का रं? मी म्हणायचो, लागला. रात्री झोप न्हाई. बायको म्हणली दवाखान्यात जा, तर ह्यो म्हणतो, देवाच्या देण्यावर औषध घेत न्हाईत.” त्याने नानांना एक शिवी दिली, मग थबकून आपल्याच जिभेला दिली, मेलेल्या माणसाला शिवी गेली म्हणून. “मंग देव कोपणार न्हाई तर काय करंल? हुकाला प्रायमर फासल्यावर हुक तुटणारच की.”

“काका, देव कोपला म्हणा, माझी हरकत नाही. पण मग नानांनी जास्त माल उचलला असं म्हणू नका. हुक दोन कारणांनी कसा तुटेल? एक काय ते ठरवा.”

कचरूने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “बापावर गेली तू.”

“लोड किती होता त्या दिवशी?”

“रोजचाच. रोजच्याच गठ्ठ्याएवढा.” त्याने पायाखालची उशी नीट केली. “दवाखान्यात इचारलं मला, हुक कशानं तुटला. आता हुक तुटला म्हणजे लोडच जास्त असणार ना? मी काय लोखंडाच्या पोटात जाऊन आल्तो? सुईची गुंगी होती. म्हणलं, असंल. त्यांनी ‘असंल’ काढून टाकलं अन् सही घेतली.”

“त्यांना फट दिसली असेल का, काका?” विचारायचं नव्हतं तरी तिने विचारलं.

“भुजंगला?” कचरूने हात झटकला. “त्याला खोट दिसली असती तर तो गप ऱ्हायला असता? आख्खी मिल गोळा केली असती. शेठला शिडीवर चढवून दाखवली असती. त्याला दुसऱ्याची चूक सापडली की दिवाळी.”

तिने मान खाली घातली. मग विचारलं, “पुरळ आल्यावर दवाखान्यात गेला होतात का कधी?”

“चार वर्षं गेलो, त्याला न सांगता. चिठ्ठ्या हाईत. आमची मंडळी किराण्याची चिठ्ठीबी फेकत न्हाई.” त्याने बाजेखालून प्लास्टिकची पिशवी ओढली, कागद चाळले, चार बाजूला काढले. चारही चिठ्ठ्या दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांतल्या. शेवटची गेल्या ऑक्टोबरची. डॉक्टरने लिहिलं होतं, कपाळावर सूज व पुरळ, रंग किंवा रसायनाची ॲलर्जी असावी.

वंदनाने हात पुढे केला. कचरूने कागद परत पिशवीत घातले.

“न्हाई पोरी. कोर्टात उभा ऱ्हाऊन सांगू, की सात वर्षं मी कपाळाला प्रायमर लावून घेतला? मिलमधली पोरं मला मरेस्तोवर दार म्हणतील.” त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. “जा आता. चहा करायला घरी कुणी न्हाई.”

ऑगस्टमध्ये सुनावणी झाली. वंदना साक्षीला उभी राहिली आणि जे घडलं ते तिने सांगितलं. आवाज चढवला नाही की पाडला नाही. मिलच्या वकिलाने उलटतपासाला उठताना कोट नीट केला.

“म्हणजे तुमचे वडील देवाला फसवत होते?”

“देवाचं मला माहीत नाही. कचरूकाकांना फसवत होते.”

“आणि असा माणूस क्षमतेपेक्षा जास्त माल मात्र उचलणार नाही?”

“नाही. त्यात मजा नव्हती.”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीशांनी वर बघितलं.

“तुमच्या या गोष्टीला तुमच्याशिवाय दुसरा पुरावा?” वकिलाने विचारलं.

“माझी आई.”

“तुमच्याशिवाय आणि तुमच्या आईशिवाय?”

तिच्याजवळ नव्हता. ती खाली उतरली. तेवढ्यात खिडकीतून तिला शेठची पांढरी गाडी आवारात शिरताना दिसली. मागचं दार उघडलं आणि आधी कुबडी, मग कचरू बाहेर आला. जबाब कचरूचा होता, तेव्हा साक्षीदार म्हणून त्याला मिलनेच बोलावलं होतं, गाडी पाठवून. शेठनी स्वतः त्याचा दंड धरला होता. वंदनाने साहेबरावांकडे बघितलं. साहेबराव चष्मा पुसत होते.

कचरूला खुर्ची दिली. मिलच्या वकिलाने जबाबाचा कागद दाखवला. सही तुमचीच ना? माझीच. मग सांगा, त्या दिवशी लोड जास्त होता?

“न्हाई,” कचरू म्हणाला. “रोजचाच होता.”

“पण जबाबात तुम्ही—”

“जबाबात मी ‘असंल’ म्हणलो होतो. ‘असंल’ कुठं गेलं ते तुम्हीच सांगा. अन् साहेब,” तो न्यायाधीशांकडे वळला, “मला एक गोष्ट दाखवायची हाय. माझ्या कपाळाची.”

सदऱ्यातून त्याने प्लास्टिकची पिशवी काढली. शेठ दाराशी उभे होते, ते बसले. कचरूने चार चिठ्ठ्या टेबलावर एकेक करून ठेवल्या, जणू पत्ते पिसून वाटतोय, आणि हुकाची पूजा, काशीचा शेंदूर, सूज, खाज, सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ‘प्रसाद लागला का’ हेसुद्धा सांगितलं. कोर्टात हसायची परवानगी नसते, त्यामुळे सगळे खाली बघत होते. स्टेनो बाई टाइप करायचं थांबून कचरूच्या कपाळाकडे बघत होत्या.

न्यायाधीश गंभीर माणूस. त्यांनी चिठ्ठ्यांच्या तारखा पाहिल्या, अकिबकडे वळून विचारलं, “प्रायमर त्वचेला लावला तर असं होतं?”

“त्वचेचं मी सांगू शकत नाही, साहेब. माझा विषय लोखंड आहे. पण गेल्या ऑक्टोबरच्या या तारखेच्या आसपास हुकाला प्रायमर लागला असेल, तर मला जे दिसलं ते बराबर बसतं. त्या दिवशी हुक आत कुठवर फाटला होता, ते प्रायमरने आखून ठेवलं आहे. बाकीचा पुढच्या पाच महिन्यांत फाटत गेला. मार्चमध्ये रोजच्या ओझ्याने तो गेला. धड असता तर तेवढ्या ओझ्याने तुटला नसता.”

वकिलाने विचारलं की प्रायमर आणि शेंदूर यांत तुम्ही गल्लत केली नसेल कशावरून. अकिबने चमेलीच्या तेलाची कुपी काढली आणि म्हणाला, शेंदूर या तेलातला आहे, फटीतल्या थरात या तेलाचा अंशही नाही. वकील खाली बसला.

कचरू शेठच्या गाडीतून परत गेला नाही. रिक्षा केली. वंदना मागे गेली, पण तो थांबला नाही. “माझी घाई हाय,” म्हणाला, आणि रिक्षावाल्याला म्हणाला, “जल्दी चल.”

निकाल सप्टेंबरमध्ये आला. चौदा पानं होती. वंदनाने नवव्या पानावरचा एक परिच्छेद तेवढा वाचला, दोनदा. हुकातील दोष जुना होता, तपासणी झाल्याचं सिद्ध होत नाही, मयत ऑपरेटरची कोणतीही चूक दिसून येत नाही. तिने तो परिच्छेद आईला वाचून दाखवला. आईने ‘मयत’ शब्दावर मान हलवली, जणू तेवढी एक चूक कोर्टाने ठेवली. मग पदराने डोळे टिपले आणि चूल बघायला गेली.

त्याच दिवशी दुपारी दारात कुबडी वाजली. कचरू आत आला. वंदनाशी बोलला नाही, उषाबाईंनाही नमस्कार केला नाही. भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला, कुबडी काखेत घट्ट केली आणि सुरुवात केली.

त्याने नानांना नीच म्हटलं, नास्तिक म्हटलं, टकल्या म्हटलं. वंदनाने लहानपणापासून फक्त मिलच्या गेटवर ऐकलेल्या काही शिव्या त्याने क्रमाने दिल्या. काशीचा काय, काशीला गेल्ता का कधी तुझा बाप? माझं कपाळ काय दार होतं का? तुझ्या मळ्यातल्या आंब्याखाली दर साली दसरा झाला की मला शिरापुरी खाऊ घालायचा, मला वाटायचं जीव लावतो, अन् तू सूज बघायला बोलवायचा!

“भाऊ, हळू,” उषाबाई आतून म्हणाल्या. “शेजारी ऐकतील.”

“ऐकू द्या वहिनी. त्यांनाबी कळू द्या कसला माणूस होता.”

वंदना उंबऱ्याशी उभी होती. सहा महिने लोक तिच्यासमोर नानांबद्दल दोनच प्रकारे बोलले होते. काही जण त्यांनी न केलेल्या गोष्टीबद्दल हळू आवाजात, आणि बाकीचे, देवमाणूस होता हो, असं. देवमाणूस ऐकलं की तिला फोटोतले नाना ओळखू येईनासे होत. आज पहिल्यांदा त्यांना त्यांनी केलेल्या कामाच्या शिव्या बसत होत्या, अगदी मापात, एक कमी ना एक जास्त. तिने जाऊन पाट मांडला.

कचरू दमून खाली बसला. पाय लांब केला. उषाबाईंनी भाकरी आणि पिठलं वाढलं. त्याने पहिला घास घेतला, नाक ओढलं, दुसरा घेतला.

“काका,” वंदना त्याच्या समोर बसत म्हणाली, “आणखी काय काय केलं होतं त्यांनी?”

कचरूने फोटोकडे एकदा बघितलं. मग हातातली भाकरी ताटात ठेवली, कारण सांगण्यासारखं बरंच होतं.